वर्गात खेळ रंगला, पण मुलं शिकली का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आठवीला सामायिक साधनसंपत्ती शिकवताना तुम्ही मासेमारीचा खेळ घेतला. एक तळं, चार गट, प्रत्येक गटाने हवे तेवढे मासे धरायचे आणि तळ्यात उरलेले मासे पुढच्या फेरीपर्यंत वाढणार. दोन तासिका वर्ग दणाणून गेला. आठ दिवसांनी ‘काय कळलं?’ असं विचारलंत, तर उत्तर आलं, ‘तिसरा गट जिंकला.’ आता मुख्याध्यापक म्हणतात की दोन तासिका वाया गेल्या. तुम्ही विचारता की खेळाला गुण ठेवले तर मुलं मनावर घेतील का, की त्यापेक्षा कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन बरं.

मी बावीस वर्षं वर्गात आणि पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणात असे खेळ घेत आले आहे. ‘तिसरा गट जिंकला’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे, आणि त्यासाठी मुलांना दोष देऊ नका. तुम्ही फळ्यावर गुणतक्ता मांडलात, शेवटी विजेता जाहीर केलात, घंटा झाली. मुलांनी जे घडलं तेच सांगितलं. तुमची खरी अडचण मला अशी दिसते: खेळ संपला तिथेच धडाही संपला. खेळात मुलांना अनुभव आला, पण त्या अनुभवाकडे वळून बघायला कुणी लावलं नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करते. वर्गात साठ मुलं असतील तर मी सांगते ते जसंच्या तसं जमणार नाही. मुलांचं आपापसात वितुष्ट असेल तर स्पर्धेचा खेळ ते चिघळवतो. तासिका पस्तीस मिनिटांची असेल तर खेळ एका दिवशी आणि चर्चा दुसऱ्या दिवशी करावी लागते, आणि मधल्या रात्रीत बरंच विरून जातं. हे सगळं तुमचं तुम्हीच बघू शकता. मी माझ्या अनुभवातलं सांगते.

खेळ आणि सिम्युलेशन हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तिथे थोडं थांबू. सिम्युलेशन म्हणजे खऱ्या व्यवस्थेची नक्कल, तीही बरंच काही गाळून केलेली. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांसाठी जमिनीवरचं नकली विमान बनवलं, त्यात जिंकणं-हरणं नव्हतं. चूक केली तर काय होतं ते जीव न गमावता कळावं, एवढंच. खेळात मात्र नियम आणि ध्येय असतं, आणि बहुतेक वेळा कुणीतरी जिंकतं. तुमचा मासेमारीचा खेळ दोन्ही आहे, आणि गोची तिथेच होते. रोझे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ मध्ये खेळांचे चार प्रकार मांडले: स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ आणणारे खेळ. ही मांडणी मला रोजच्या कामात उपयोगी पडते. तुमच्या खेळात मुलांनी कोळ्याचं सोंग घ्यायचं होतं आणि स्पर्धाही करायची होती. गुणतक्ता समोर आला की स्पर्धा सोंगाला गिळून टाकते. मुलगा कोळी राहत नाही, आकडे वाढवणारा गडी होतो. तळं, मासे, उद्याची चूल हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून निघून जातं. मग आठ दिवसांनी त्याला तळं आठवणार तरी कसं?

माझ्या एका वर्गातला डाव जवळून सांगते, म्हणजे मुद्दा कळेल. तळ्यात ४० मणी ठेवले होते. चार गट. दर फेरीला प्रत्येक गटाने चिठ्ठीवर ० ते १० मधला आकडा लिहायचा, दुसऱ्या गटाशी बोलायचं नाही. तेवढे मणी मी त्यांना देणार. उरलेले दुप्पट होणार, पण तळ्यात ४० च्या वर मावत नाहीत. एकूण दहा फेऱ्या. हिशेब सरळ आहे. प्रत्येकाने ५ घेतले तर २० जातात, २० उरतात, त्यांचे पुन्हा ४० होतात. असं दहा वेळा चालू शकतं.

पहिल्या फेरीच्या चिठ्ठ्या आल्या: ५, ५, ६, ९. एकूण २५. उरले १५, त्यांचे झाले ३०. दुसऱ्या फेरीत आले ७, ८, ६, ९. एकूण ३०. तळं रिकामं. दहा फेऱ्यांचा खेळ दुसऱ्या फेरीत संपला आणि वर्गात क्षणभर सगळे गप्प झाले. नंतर चौथ्या गटाने आरडाओरडा केला, कारण त्यांच्याकडे १८ मणी होते आणि बाकीच्यांकडे १२, १३, १२.

सुरुवातीच्या वर्षांत मी इथे टाळ्या वाजवायला लावून पुढच्या विषयाकडे वळायचे. आता फळ्यावर १८ लिहिते आणि शेजारी विचारते, ‘सगळ्यांनी पाचच घेतले असते तर दहा फेऱ्यांत एका गटाला किती मिळाले असते?’ मुलं गुणाकार करतात. पन्नास. जिंकलेल्या गटाकडे १८, आणि हातून सुटलेले ५०. हे दोन आकडे शेजारी दिसले की जिंकण्याचा अर्थच बदलतो. एखादा चुणचुणीत मुलगा म्हणतोच, ‘बाई, शेवटच्या फेरीत तर सगळेच दहा घेऊ शकतात.’ बरोबर आहे त्याचं, मग ५५ होतात. शेवट ठरलेला असला की माणूस कसा वागतो, हा वेगळाच मोठा विषय त्यातून निघतो. तो नको असेल तर फेऱ्या किती हे आधी सांगू नका.

त्या दिवशी मी चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. दुसऱ्या फेरीच्या एका चिठ्ठीवर आधी ५ लिहून खोडलेला होता आणि त्यावर जोर देऊन ७ काढला होता. ज्या मुलीने ती लिहिली होती तिला विचारलं, ‘खोडलास का?’ ती म्हणाली, ‘मला पाचच घ्यायचे होते. पण मला वाटलं बाकीचे पाच लिहिणार नाहीत, मग आपणच का सोडायचे?’ अख्खा धडा तिच्या त्या एका वाक्यात आहे. लोभ सुटला म्हणून तळं आटलं नाही. दुसऱ्यावर विसंबता येत नव्हतं म्हणून आटलं. गॅरेट हार्डिन या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हीच कोंडी मांडली होती आणि मार्ग सुचवले होते ते दोनच: सरकारी बंधन किंवा खासगी मालकी.

पण डाव इथे थांबवला तर मुलं घरी एवढंच घेऊन जातात की माणसं स्वार्थी असतात. माझ्या मते हे अर्धवट ज्ञान न कळण्यापेक्षाही वाईट. म्हणून त्याच तासाला दुसरा डाव मांडला. नियम तेच, फक्त दर फेरीआधी दोन मिनिटं आपापसात बोलायची मुभा. पहिल्याच फेरीत त्यांनी ‘सगळे पाच’ असं ठरवलं. तीन फेऱ्या नीट गेल्या. चौथ्या फेरीत मणी २० राहायला हवे होते, राहिले १८. कुणीतरी दोन जास्त घेतले होते. लगेच कलकलाट! मी मध्ये पडले नाही. मुलांनी आपणच ठरवलं की इथून पुढे चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उघडायच्या, आणि ज्याने जास्त घेतले त्याने पुढच्या फेरीत तेवढेच कमी घ्यायचे. हद्दपारी नाही, अपमान नाही, चुकीएवढीच शिक्षा. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरातली जंगलं, कुरणं, कालवे आणि मासेमारीची ठिकाणं यांचा आयुष्यभर अभ्यास करून नेमकं हेच दाखवलं होतं: लोक आपसात बोलून स्वतः नियम करतात, स्वतः लक्ष ठेवतात आणि दंडाची सुरुवात हलक्या हाताने करतात, तेव्हा सामायिक साधन टिकू शकतं. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माझ्या वर्गाने त्यांचं नाव ऐकलेलं नव्हतं. मुलं त्या नियमापर्यंत स्वतः पोचली, नाव मी नंतर सांगितलं. हा क्रम मी कधी उलटा करत नाही.

म्हणून माझा ठाम आग्रह असा की खेळाला जेवढा वेळ, निदान तेवढाच वेळ खेळानंतरच्या बोलण्याला. डॉक्टर आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणातही अनेकदा नकली प्रसंग थोडक्यात आटोपतो आणि त्यानंतरची चर्चा त्याहून लांबते, कारण शिकणं तिथे पक्कं होतं. तुमच्या दोन तासिकांत खेळ एकच बसवा, फेऱ्या कमी करा, हवं तर अर्ध्यावर थांबवा. रंगलेला डाव मोडायचं जिवावर येतं, मला ठाऊक आहे. तरी मोडा.

चर्चेचा क्रमही महत्त्वाचा. मी आधी फक्त काय झालं ते विचारते: कुणी काय लिहिलं, कधी राग आला, कुणाचा संशय आला. हा राग बाहेर पडल्याशिवाय मुलं विचार करू शकत नाहीत, ती भांडत राहतात. त्यानंतर ‘का’. मग ‘असं आणखी कुठे होतं?’ इथे घाई करू नका, मुलांनाच उदाहरणं आणू द्या. भूजल, रस्त्यावरची वाहनं, वर्गातला एकच चार्जर, काहीही चालेल. शेवटचा प्रश्न बहुतेक जण वगळतात: या खेळात खोटं काय होतं?

तो प्रश्न मला जिवाभावाचा आहे. खरे मासे दर फेरीला नेमके दुप्पट होत नाहीत. तळ्यात किती मासे आहेत हे खऱ्या कोळ्याला मोजता येत नाही. सगळ्यांच्या होड्या सारख्या नसतात, कुणावर कर्ज असतं, कुणाला दुसरा धंदा करता येतो. मुलं ही यादी फार छान करतात, आणि ती करताना नकळत शास्त्रज्ञासारखा विचार करतात. प्रत्येक सिम्युलेशन कुणीतरी बनवलेलं असतं, आणि काय ठेवायचं, काय गाळायचं हे त्याने ठरवलेलं असतं. विल राइट यांच्या १९८९ च्या सिमसिटी या शहर वसवण्याच्या खेळात कर वाढवले की वाढ मंदावते आणि लोक शहर सोडू लागतात. मुलांना तो जगाचा नियम वाटतो, पण तो त्या प्रोग्राममध्ये लिहिलेला नियम आहे. वर्गात हे कुणी बोलून दाखवलं नाही तर खेळ गुपचूप मतं शिकवून जातो.

उलटंही घडतं: बनवणाऱ्याला जे सांगायचं होतं तेच हरवतं. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये लँडलॉर्ड्स गेम या पटाच्या खेळाचं पेटंट घेतलं. जमिनीची मालकी थोड्यांच्या हाती गेली की भाडेकरू कसे नागवले जातात, हे त्यांना दाखवायचं होतं. पुढे त्यात नियमांचे दोन संच आले, एकात वाढीचा फायदा सगळ्यांना, दुसऱ्यात एकच माणूस सगळं गिळतो. त्याच खेळातून पुढे मोनोपॉली आला, आणि जगाने दुसरा संच उचलला. आज घराघरांत मुलं एकमेकांना कंगाल करण्याची मजा घेतात. खेळ तेवढाच ठेवला आणि त्यावरचं बोलणं गाळलं की काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

चर्चेत एक युक्ती हमखास उपयोगी पडते, ती मी बिअर गेमकडून घेतली. हा खेळ अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात जे फॉरेस्टर यांच्या गटाने १९६० च्या आसपास बनवला. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशी चार माणसं ओळीने बसतात, एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त मागणीच्या चिठ्ठ्या पुढे सरकवतात आणि माल काही आठवड्यांनी पोचतो. बघता बघता एकाकडे मालाचा ढीग साठतो, दुसऱ्याकडे खडखडाट. खेळ संपल्यावर सगळ्यांना विचारायचं, ‘ग्राहकाची मागणी कशी होती? आलेख काढा.’ बहुतेक जण उंच लाटा काढतात. मग खरा आकडा दाखवायचा: मागणी आठवड्याला ४ होती, एकदाच ८ झाली आणि शेवटपर्यंत ८ च राहिली. लाटा ग्राहकाने आणल्या नव्हत्या, चौघांनी मिळून तयार केल्या होत्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. यातलं सूत्र कुठल्याही खेळाला लागतं: आधी मुलांना त्यांचा समज कागदावर उतरवायला लावा, मग खरं काय ते दाखवा. नुसतं तोंडी विचारलं तर ‘मला माहीतच होतं’ म्हणायला सगळे मोकळे असतात.

आता गुणांचं. जिंकण्याला गुण देऊ नका, कृपा करून. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७३ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. ज्या लहान मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडायचं, त्यांतल्या काहींना ‘चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. नंतर मोकळ्या वेळेत ही मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना बक्षीस न सांगता मिळालं, त्यांची आवड घटली नाही. खेळातला निर्णय मुलाने निर्धास्तपणे घ्यायला हवा, चुकायला हवं. गुण लागले की तो तुम्हाला हवं ते उत्तर शोधू लागतो आणि चिठ्ठीवर ५ लिहितो, कारण बाईंना किंवा सरांना ५ आवडतात. मग ती खोडलेली चिठ्ठी तुम्हाला कधीच मिळणार नाही. गुण द्यायचेच असतील तर नंतरच्या लिखाणाला द्या: ‘तुझ्या गटाने दुसऱ्या फेरीत घेतलेल्या एका निर्णयाबद्दल लिही. तेव्हा काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, आता काय वेगळं करशील?’ यात हरलेल्या गटालाही पूर्ण गुण मिळू शकतात.

कॉम्प्युटरबद्दल माझं मत विषयानुसार बदलतं. फार लहान, फार सावकाश, फार धोक्याचं किंवा शंभर वेळा करून बघावं लागेल असं काही असेल तर कॉम्प्युटरला तोड नाही. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पाची विज्ञानाची सिम्युलेशन्स मोफत आहेत, त्यांतली बरीच मराठीतही आहेत. विद्युतमंडलाचं उघडा आणि पहिली दहा मिनिटं काहीही सूचना देऊ नका. मुलं वायर उलटीसुलटी जोडतील, बॅटरीला आग लावतील. लावू द्या, ते खेळणंच आहे आणि त्यातूनच प्रश्न उगवतात. पायऱ्यापायऱ्यांची कृतिपत्रिका आधीच हातात दिलीत तर मुलं पडद्याकडे बघतच नाहीत, रिकाम्या जागा भरतात. पण विषय माणसामाणसांतल्या व्यवहाराचा असेल, विश्वासाचा, वाटपाचा, वाटाघाटीचा, तर मणी आणि चिठ्ठ्याच घ्या. समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे. शिवाय टेबलावरच्या खेळात नियम सगळ्यांना दिसतात आणि मुलं ते बदलून बघू शकतात. पडद्यामागचे नियम त्यांच्या हाती नसतात.

दोन गोष्टी पटकन. गट तीन-चार जणांपेक्षा मोठा करू नका. मोठ्या गटात दोघं खेळतात आणि बाकीचे लिंबूटिंबू होऊन बसतात. ज्याच्या हातात एकही निर्णय नाही त्याच्यासाठी तो खेळ नव्हताच. आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं आहे त्यांच्या छळाचा खेळ वर्गात मांडू नका. हेतू कितीही चांगला असला तरी समोरच्या बाकावर कुणाच्या घरचा इतिहास बसला आहे हे आपल्याला माहीत नसतं, आणि ती जखम चर्चेने भरून निघत नाही. त्यासाठी साक्षी, पत्रं, छायाचित्रं वाचायला द्यावीत.

मुख्याध्यापकांचं म्हणणं मी पूर्ण उडवून लावणार नाही. दोन तासिका महाग असतात. व्याख्या, वर्गीकरण, नावं यांसाठी खेळ घेऊ नका, ते सांगून लवकर होतं. जिथे पहिला अंदाज हमखास चुकतो तिथेच खेळ घ्या: सामायिक साधनं, रोगाची साथ पसरणं, मागणी-पुरवठा, निवडणुकीत मतं मोजायच्या वेगवेगळ्या पद्धती. असे खेळ मी वर्षात तीन-चारच घेते. मुख्याध्यापकांना पुढच्या खेळाला बोलवा, आणि खेळाऐवजी चर्चेच्या तासाला बसवा. मुलं काय बोलतात ते त्यांनी ऐकलं की तुम्हाला फार समजावत बसावं लागणार नाही.

तुमच्या त्या दोन तासिका अजून हातातून गेलेल्या नाहीत, हे आवर्जून सांगते. मुलांच्या चिठ्ठ्या किंवा फळ्यावरच्या तक्त्याचा फोटो असेल तर उद्याच अर्धा तास काढा. प्रत्येक गटाला त्यांच्या चिठ्ठ्या परत द्या आणि तिसऱ्या गटाच्या आकड्याशेजारी, सगळ्यांनी जपून धरलं असतं तर किती मिळाले असते तो आकडा लिहा. चिठ्ठ्यांवर कुठे खाडाखोड दिसतेय का तेही शोधा. दिसली तर त्याच मुलापासून बोलायला सुरुवात करा.